रोडोकायला की स्पॅथोग्लॉटिस? आधी सांगा, घरात पाणी कोण घालतं

कुंडीत लावायला कंदाचं ऑर्किड घ्यायचंय, पण रोडोकायला आणि स्पॅथोग्लॉटिस या दोघांतलं कुठलं ते ठरत नसेल तर आधी एक बघा, हिवाळ्यात तुमच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं? कारण माझं पहिलं हॅबेनेरिया रोडोकायला आईने मारलं, तेही प्रेमाने. डिसेंबरात पानं पिवळी पडून गळाली, कुंडी रिकामी दिसायला लागली, आणि आई तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं रोज त्यात ओतायची, "बिचारं सुकलंय" म्हणून. फेब्रुवारीत उकरलं तर कंद बोटात धरताच पचकन फुटला, वास सडक्या बटाट्याचा.

चूक झाडाची नाहीच. ते थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीनकडचं, पावसात वाढायचं आणि कोरड्या हिवाळ्यात जमिनीखाली झोपायचं. जुना कंद दरवर्षी संपतो, त्याच्या बाजूला नवा तयार होतो आणि पुढच्या वर्षीचं झाड त्यातूनच येतं, म्हणून पानं गेली की पाणी बंद ते थेट नवा कोंब दिसेपर्यंत. नाशिकचा पावसाळा याला भारी मानवतो, ऑगस्ट-सप्टेंबरात ते केशरी-लाल फूल आलं की माणूस थांबून बघतोच. मात्र मे महिन्याच्या कोरड्या झळा सोसत नाहीत, शेडनेट लागतंच, आणि बोअरचं क्षाराचं पाणी नको, मी गच्चीच्या पाइपखाली बादली लावून पावसाचं साठवते. साधी माती पण नाही, परलाइट (हलके पांढरे दाणे), कोकोचिप्स (नारळाच्या सालीचे तुकडे) आणि थोडं मॉस (सुकं शेवाळ), म्हणजे पाणी थांबत नाही.

स्पॅथोग्लॉटिसचं असं काही नाही. जांभळी फुलं, दांड्यावर खालून वर एकेक उमलत जातात, महिनाभर तरी चालतं. पानं चुण्या पडलेली, फुलं नसताना शेजारच्या काकू विचारतात नारळ लावलाय का. सकाळचं ऊन द्या, थंडीत पाणी कमी करा पण बंद नको, जानेवारीत आपल्याकडे पारा 10 च्या खाली गेला की पानांची टोकं करपतात, तेवढं चालायचंच. नर्सरीत सहज मिळतं, स्वस्तही पडतं.

तिसरं एक, बगळ्यासारखं पांढरं फूल येणारं जपानी हॅबेनेरिया, म्हणजे रोडोकायलाचंच भावंड, त्याचं बी ऑनलाइन दिसलं तर घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, मातीतल्या बुरशीची मदत नाहीतर लॅब असल्याशिवाय रुजत नाही, पाकिटात मुगाएवढं काहीतरी आलं की समजायचं फसलो. आणि नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर पावसाळ्यात हॅबेनेरियाच्या जंगली जाती दिसतात त्या उपटून तर अजिबात आणायच्या नाहीत, त्यांना लागणारी तिथली बुरशी काही कुंडीत येत नाही.

पहिल्यांदाच लावताय तर स्पॅथोग्लॉटिसच घ्या. रोडोकायला तेव्हाच, जेव्हा चार महिने रिकाम्या कुंडीकडे बघत गप्प बसणं जमेल. माझ्याकडे आता दोन्ही आहेत, स्पॅथोग्लॉटिस तुळशीशेजारी, तांब्यातलं उरलेलं पाणी त्याला, आणि रोडोकायलाची कुंडी डिसेंबर लागला की बेडरूमच्या कपाटावर, जिथे आईचा हात पोचत नाही.