घरबसल्या अर्थशास्त्र: चार महिने आणि एक नालायक ग्राफ

परवा रात्री पावणेबाराला क्विझमध्ये माझा डिमांड कर्व्ह (कोणत्या किंमतीला किती मागणी, ते दाखवणारी रेषा) तिसऱ्यांदा घसरला आणि चार मार्क गेले, म्हणून हे लिहायला बसलोय. दूरस्थ पद्धतीने अर्थशास्त्राचा पहिलाच पेपर, चार महिने झाले. रेकॉर्डेड लेक्चर, दर आठवड्याला क्विझ, शेवटी लेखी परीक्षा, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे.

तर ग्राफ. प्रश्न असा की पेट्रोल महागलं, आता जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांच्या मागणीचं काय होईल ते रेषा ओढून दाखवा. सोप्पंय, अख्खी रेषा डावीकडे सरकते. पण मोबाईलवर बोट ठेवलं की रेषेऐवजी तिच्यावरचा ठिपका हलतो, म्हणजे मशीनला वाटतं मी म्हणतोय की गाडीचीच किंमत वाढली. आणि या विषयात हीच तर सगळ्यात मोठी चूक धरतात! वस्तूची स्वतःची किंमत बदलली तर त्याच रेषेवर वर-खाली जायचं, बाकी काही बदललं (उत्पन्न, आवड, दुसऱ्या वस्तूची किंमत) तर रेषाच सरकते. म्हणजे येत असून नापास. हेल्पडेस्कला तीन मेल टाकले, तिन्हींना उत्तर एकच, कॅशे क्लिअर करा. चौथ्याला 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे'. कोणी सोडवली देव जाणे.

दुसरं भांडण मात्र मी हरलो, तेही सांगतो. लवचीकतेचं गणित होतं, म्हणजे किंमत बदलली की मागणी टक्क्यांत त्याच्या किती पट बदलते. किंमत १० वरून १२, मागणी १०० वरून ८०. मी २० टक्क्यांना २० टक्क्यांनी भागलं, उत्तर १ (वजा चिन्ह सोडून). क्विझ म्हणे १.२२. तावातावाने लांबलचक मेल लिहिला, आणि पाठवायच्या आधी सहज उलटं करून बघितलं, १२ वरून १० आणि ८० वरून १००, तर १.५ आलं! तेच दोन बिंदू, जाताना एक आणि येताना दीड. म्हणून मधली सरासरी, म्हणजे ११ आणि ९०, धरून टक्के काढतात, मग कुठूनही या, १.२२च. मेल गुपचूप डिलीट केला. पण 'मध्यबिंदू पद्धत वापरा' एवढं प्रश्नात लिहायला यांचं काय जात होतं?

शिकवणं चांगलंय, दीडपट स्पीडवर तर फारच चांगलं. किंमत उभ्या अक्षावर का, हे मात्र कोणी सांगितलं नाही, गणितात जे आपण बदलतो ते आडव्यावर घ्यायची सवय, त्यामुळे पहिला महिना डोकं फिरलेलं. शेवटी स्वतःच शोधलं, ही आल्फ्रेड मार्शलच्या १८९० च्या पुस्तकापासून रुळलेली रीत आहे. बरं. स्थूल अर्थशास्त्राचा, म्हणजे अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा भाग घाईत उरकलाय, जीडीपी, महागाई, संपलं.

दुसऱ्या महिन्यात सोडणारच होतो. मग वाटलं, एवढी फी भरलीये. आणि त्याच आठवड्याचं लेक्चर काय, तर बुडीत खर्च, जे पैसे परत येणार नाहीत ते पुढच्या निर्णयात धरायचेच नाहीत! मग नीट हिशोब केला, फी बाजूला ठेवून, रोजचा हा एक तास मी दुसरं काय केलं असतं? रील्स बघितले असते. एका गोष्टीसाठी जी दुसरी सोडावी लागते तो संधी खर्च, आणि एवढा स्वस्त परत मिळायचा नाही, म्हणून राहिलो.

आणि त्या भंगार ग्राफमुळे एक झालं, आधी वहीत पेन्सिलने काढून बघायची सवय लागली. पन्नासएक तरी काढले असतील. आता झोपेत विचारलं तरी सांगेन ठिपका हलतो की रेषा. हा पेपर घ्यायचाच असेल तर माऊसवाला कॉम्प्युटर असेल तरच घ्या, कालच एकाचा उसना आणून बघितला, माऊसने रेषा पहिल्या झटक्यात सरकते.

परवाचे चार मार्क अजून अडकलेत, पाचवा मेल टाकलाय. लेखी परीक्षा कागदावर आहे. पट्टी, पेन्सिल, खोडरबर घेऊन जातोय, तिथे कोण माझी रेषा घसरवतं बघतोच.