गीझर घेताय? आधी पाणी बघा, लिटर नंतर

ठाण्यात पारा १५-१६ वर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनच मेसेज फिरतात, टँकर कधी येतोय आणि कोणाकडे गीझरवाल्याचा नंबर आहे का. या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला आमचा गीझर गळल्यावर कळलं.

झालं असं की घोडबंदर रोडला राहायला आलो तेव्हा १५ लिटरचा स्टोरेज गीझर घेतला आणि त्याच महिन्यात भावाने नेरूळला सेम मॉडेल घेतलं. आमचा चौथ्या थंडीत गळायला लागला, भावाचा नववं वर्ष लागलं तरी चालूच आहे. माणसाने आमचा उघडला तर आतून तांब्याभर पांढरी खपली निघाली आणि मॅग्नेशियमचा जो रॉड असतो ना, अ‍ॅनोड रॉड, त्याची नुसती तार उरली होती. तो रॉड टाकीच्या बदल्यात स्वतः झिजतो, कामच ते त्याचं, आणि तो संपला की गंज टाकीला धरतो. नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं, आमच्याकडे पालिकेचं कमी पडलं की टँकर नाहीतर बोअर, आणि ते हार्ड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. दुकानात आम्हाला लिटर विचारले, कलर विचारला, पाणी कुठलं येतं ते कोणी विचारलं नाही.

आता चॉइस काय काय आहे ते बघू.

स्टोरेज की इन्स्टंट, हा वाद लोक वीजबिलावरून घालतात आणि तिथेच चुकतात. २०-२२ डिग्रीचं पाणी अंघोळीपुरतं, म्हणजे ४२ च्या आसपास न्यायचं तर २० लिटरच्या बादलीला जवळपास अर्धा युनिट लागणारच, मशीन कुठलंही असो. स्टोरेजमध्ये वर थोडी भर पडते ती पाणी तापून नुसतं पडून राहतं त्याची, म्हणून स्टार रेटिंग बघायचं, आणि अंघोळ झाली की बटण बंद. खरा फरक वेळेचा. तीन लिटरच्या इन्स्टंटला ३ किलोवॅटचं कॉइल असतं, पहिलं पाणी दोन-तीन मिनिटांत गरम येतं पण नळ सोडून ठेवला की धार कोमट होते, पूर्ण बादली व्हायला नऊ-दहा मिनिटं. सकाळी एका बाथरूममध्ये एका मागोमाग चार जण घुसणार असतील तर इन्स्टंटचा विचार सोडा. २ किलोवॅटचा १५ लिटरवाला साधारण वीस मिनिटांत तापतो, मग त्यात गार मिसळून जवळपास दीड बादली निघते. इन्स्टंट किचनला मस्त, किंवा एकट्या माणसाला. आणि टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर असाल तर प्रेशर जास्त येतं, बॉक्सवर ८ बार लिहिलंय का ते बघूनच घ्या, साडेसहावाला नको.

गॅस गीझर मला स्वतःला सगळ्यात आवडतो, पाइपचा गॅस असेल तर. सहा लिटरवाला मिनिटाला सहा लिटर सोडतो, कितीही जणं अंघोळीला जा. गॅसच्या एससीएमला, म्हणजे घनमीटरला, ५० रुपये आणि विजेच्या युनिटला १० धरले तर बादली गॅसवर तीन रुपयांच्या आसपास पडते, विजेवर पाच. पण तो बाथरूमच्या आत लावायचा नाही म्हणजे नाही. जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, माणूस आत बसल्या बसल्या बेशुद्ध पडतो. प्लंबर म्हणेल एक्झॉस्ट आहे ना ताई, ऐकू नका. ड्राय बाल्कनीत लावा, बाल्कनी स्लायडिंगने पॅक केली असेल तर तीही चालत नाही. घेताना पाइपगॅसचं मॉडेल मागा, सिलेंडरवाल्याचा नोझल वेगळा असतो. शेवटच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांना प्रेशर कमी म्हणून तो पेटतच नाही, हे माझ्या नणंदेकडे झालं, शेवटी पंप बसवला.

सोलर हा तुमच्या-माझ्या हातातला विषयच नाही, वाशीत रो-हाउस असेल तर जरूर लावा. टॉवरमध्ये गच्चीवर असलं तरी चौथ्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत एक बादली गार वाहून जाते, आणि हार्ड पाण्यात सोलरच्या काचेच्या नळ्या आतून पांढऱ्या होतात. थंडीत इथे ऊन भरपूर, अडतं ते जुलैत.

म्हणजे टँकरचं पाणी असेल तर माझं मत: गॅस, किंवा काचेचं कोटिंग असलेल्या टाकीचा स्टोरेज. आणि स्टोरेज असेल तर दिवाळीच्या साफसफाईत गीझरही धरा. एमसीबी पाडून खालून पाणी काढून टाकायचं, रॉड बघायचा, अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदलायचा, काही शेकड्यांचं काम आहे. थर्मोस्टॅट ५५-६० च्या वर नको, जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. आतून खदखद आवाज यायला लागला तर कॉइलवर थर चढलाय समजा. जादा प्रेशर सोडणाऱ्या वॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी पडणं मात्र नॉर्मल आहे, तिथे बूच मारायला जाऊ नका, आमच्या शेजारच्या काकांनी एम-सील लावलं होतं!

नवीन लागलेल्या थंडीत गॅसवाला अचानक पेटेनासा झाला तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी खालचा डबा उघडून ठिणगीसाठीचे दोन जाडे सेल बदला. मी आता सेलवरच मार्करने तारीख लिहून ठेवते.