परसातल्या वाघिणींची चाके : उद्यमनगरातील एका लेथ वर्कशॉपचा अनुभव

कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला तेव्हा तो मीटरगेज होता. बागेतल्या छोट्या नमुना रेल्वेसाठी ४५ मि.मी. गेजचे रूळ टाकून १:२२.५ या प्रमाणात डबे बांधले, तर ते प्रमाण मीटरगेजशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणूनच आमच्या परसातून गुळाच्या ढेपा वाहणाऱ्या चारचाकी वाघिणी (मालडबे) पळवायच्या, असे मी ठरवले. वाघिणीचा सांगाडा आणि दारे घरी करता येतात, सागवानाच्या पट्ट्या सुताराकडच्या तुकड्यांतून निघतात आणि रिव्हेटच्या डोक्यांना टाचण्या पुरतात. चाकांचे तसे नाही. ज्याच्याकडे लेथ (धातू फिरवत कातून आकार देणारे यंत्र) नाही, त्याने परदेशी तयार चाके मागवावीत किंवा कोल्हापुरातले कारखान्यांचे शिवाजी उद्यमनगर गाठावे.

ज्या वर्कशॉपमध्ये मी दोन खेपांत चोवीस चाके करून घेतली, त्याचे नाव येथे देत नाही. मालकांनीच तसे बजावले आहे. "असली बारीक कामं घेऊन आणखी दहा जण आले, तर माझ्या पंपाच्या शाफ्टचं काय करू?" हा त्यांचा सवाल होता. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक हायड्रॉलिक प्रेस एवढाच पसारा असलेल्या या ठिकाणी ३१ मि.मी. व्यासाचे चाक घेऊन जाताना मला जरा संकोचच वाटला होता. मिस्त्रींनी नमुना बोटांत फिरवून पाहिला आणि विचारले, "सर, ही गाडी शोकेसला ठेवायची हाय, का पळवायची हाय?"

पळवायची आहे, एवढे मी सांगितले. पण पळवण्यासाठी चाकाला नेमके काय लागते हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हते आणि पहिल्या खेपेची आठ चाके तिथेच बिघडली. चाकाची धाव (रुळावर टेकणारा भाग) आणि फ्लँज (चाक रुळावरून घसरू न देणारी उभी कड; वर्कशॉपमध्ये तिला कॉलर म्हणतात) जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात गोलाई हवी असते. मिस्त्रींनी तो कोपरा चांगल्या टर्नरच्या सवयीप्रमाणे काटकोनात, अगदी धारदार काढला आणि धावही सपाट ठेवली. दिसायला चाके दागिन्यासारखी होती. मात्र तुळशी वृंदावनाभोवतीच्या वळणावर आल्यावर कॉलर रुळाच्या बाजूला घासू लागली आणि तिसऱ्या फेरीला वाघीण रुळावर चढून जास्वंदीच्या आळ्यात पडली. खऱ्या रेल्वेच्या चाकाची धाव सुमारे १:२० इतकी निमुळती असते, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर धावते आणि जोडी आपोआप वळते. कॉलरवर विसंबण्याची पाळी क्वचितच येते. ही गोष्ट मी कागदावर लिहून द्यायला हवी होती, म्हणून पहिल्या खेपेचा दोष निम्मा माझ्याकडे घेतो.

दुसऱ्या खेपेला मी दहापट मोठे ड्रॉइंग नेले आणि इथून पुढचे काम खरोखर वाखाणण्यासारखे झाले. मिस्त्रींनी टूल बिट (लेथचे कापणारे पाते) घासून गोलाईसाठी त्याच आकाराचे फॉर्म टूल बनवले, पाते धरणारी कंपाउंड स्लाइड तीन अंशांत फिरवून धावेला उतार दिला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी ४ मि.मी.चे भोक रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) पुरे करून चाक मँड्रेलवर (भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवले, मग धाव व कॉलर एकाच सेटिंगमध्ये काढली. चाक डुगडुगत नाही ते यामुळे. मी न सांगताच त्यांनी डुगडुग मोजणारा डायल लावून दाखवला. सुई जेमतेम दोन घरे हलली, म्हणजे ०.०२ मि.मी. बागेतल्या गाडीला एवढी अचूकता लागत नाही, पण शाफ्टवर हात बसलेल्या माणसाला त्याहून ढिले काम करवत नसावे.

प्रेसचे काम मात्र मला पटले नाही. अ‍ॅक्सलवर चाके दाबून बसवताना दोन चाकांच्या पाठींमधले अंतर माझ्या रुळांसाठी ४० मि.मी. हवे होते; एका जोडीत ते ३९.२ आले, दुसऱ्या जोडीत ४०.६, आणि पहिली जोडी सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे) हटकून उडी मारत असे. आता चाके सुटीच घेतो आणि घरी ४० मि.मी.चा ठोकळा मध्ये धरून रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग घट्ट धरणाऱ्या गोंदाने) चिकटवतो. माझ्या गाड्या बॅटरीवर चालतात म्हणून हे सोपे आहे. रुळातून वीज घेणाऱ्यांना चाक आणि अ‍ॅक्सल यांमध्ये प्लास्टिकचे बुश बसवून घ्यावे लागेल, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतील.

फ्री कटिंग स्टीलच्या एका चाकाला ११० रुपये पडले, फॉर्म टूलचे ४०० वेगळे. ब्लॅकोडायझिंग (पोलादावर काळा थर चढवणे) बाहेरून करून आणतात, त्याला आणखी तीन दिवस जातात. कोल्हापूरच्या पावसात तेवढ्याने गंज थांबत नाही, तेलाचा बोळा फिरवावाच लागतो. तारखा मोठ्या मनाने दिल्या जातात: आठ दिवसांचे काम बावीस दिवसांनी मिळाले, आणि खंडेनवमीच्या आसपास तर कामाचे नावच काढू नये. त्या दिवशी मी गेलो होतो. झेंडूची माळ घातलेल्या लेथशेजारी, हळदकुंकू लावलेल्या व्हर्निअरच्या रांगेत, माझे एक नमुन्याचे चाकही ठेवलेले होते.