पंचवीस गुलाब, एक कार्ड आणि ७०,०३७ रुपये

माझे ७०,०३७ रुपये गेले आणि तेही बायकोला फुले पाठवण्याच्या नादात. एकतीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेब खात्यात बसून दुसऱ्यांच्या व्हाउचरवरची खाडाखोड शोधून काढणाऱ्या माणसाला हे वाक्य लिहिताना काय वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको. नातेवाइकांना मी अजूनही ‘थोडे पैसे अडकले आहेत’ एवढेच सांगतो. इथे मात्र आकडे आणि वेळा जशाच्या तशा देत आहे, कारण फेब्रुवारी उजाडला की हीच जाळी पुन्हा लावली जातात आणि त्यांत माझ्यासारखेच, आयुष्यात पहिल्यांदा फुले पाठवायला निघालेले लोक सापडतात.

२०२५च्या जानेवारीपासून आमच्या सौ. लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेल्या होत्या. ११ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला बत्तीस वर्षे पूर्ण होत होती. बत्तीस वर्षांत मी तिला गजऱ्यापलीकडे फूल दिलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे. यंदा ती समोर नव्हती, म्हणूनच बहुधा मला ते धाडस झाले. ‘घरपोच गुलाब’ असे शोधल्यावर सर्वांत वर जे संकेतस्थळ आले ते मी उघडले. सर्वांत वर येते ती अनेकदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. ते तेव्हा मी वाचले नाही, आता वाचतो.

लांब देठाचे पंचवीस लाल गुलाब, काचेची फुलदाणी आणि हाताने लिहिलेले कार्ड, सत्तर टक्के सूट वजा जाता १,२९९ रुपये. माझ्यातला हिशेबनीस इथेच जागा व्हायला हवा होता. व्हॅलेंटाइन डेच्या आठवड्यात गुलाब महाग होतो, हे कोणीही सांगेल. मावळातल्या पॉलिहाउसमधला चांगला माल याच दिवसांसाठी राखलेला असतो, त्यातला बराचसा परदेशी रवाना होतो आणि उरलेल्यासाठी इथल्या बाजारात चढाओढ लागते. ज्या आठवड्यात माल हातोहात खपतो, त्या आठवड्यात सत्तर टक्के सूट कोणता दुकानदार देईल? संकेतस्थळावर पत्त्याच्या जागी फक्त ‘इंडिया’ एवढेच छापलेले होते, हे मला तक्रारीसाठी पानाची छायाचित्रे काढताना दिसले. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे बंधनकारक आहे. ज्याला हे तीन तपशील देता येत नाहीत, त्याच्याकडून साधी अगरबत्तीसुद्धा घेऊ नये.

यूपीआयने १,२९९ रुपये भरले. कार्डावर काय लिहायचे, हे ठरवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी लिहिले ते असे: ‘बत्तीस वर्षे तू घर सांभाळलेस, आता नातवंडाला सांभाळतेस, मधल्या वेळात ही फुले बघ.’ हे वाक्य मुद्दाम देत आहे, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात पैशांपेक्षा तेच जास्त बोचते.

११ तारखेला, मंगळवारी, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी फोन आला. मुलगा तरुण होता, बोलणे अदबीचे होते. “काका, तुमचा पुष्पगुच्छ घेऊन निघालोय, पण पिनकोडची पडताळणी झालेली नाही. पाच रुपये भरून पत्ता पक्का करा, नाहीतर पार्सल परत जाईल.” मला शंका आली नाही असे नाही. तुम्ही कोण, हे कशावरून समजायचे, असे मी स्पष्ट विचारले. त्यावर त्याने मला माझे कार्ड वाचून दाखवले. ‘मधल्या वेळात ही फुले बघ’ हे शब्द त्याने सावकाश, जरा हसूनच उच्चारले आणि म्हणाला, “काकूंना वेळेत मिळायला हवीत ना?” माझी शंका तिथेच संपली. जे वाक्य मी आणि ते संकेतस्थळ सोडून कोणालाही ठाऊक नव्हते, ते ऐकून कोणीही विश्वास ठेवला असता, असे माझे आजही म्हणणे आहे. ते संकेतस्थळच त्याचे आहे, हा विचार मात्र डोक्यात आला नाही. आपली माहिती समोरच्याकडे आहे, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे होती, म्हणजे ती फोनवर थेट अ‍ॅप बसवणारी फाइल होती. ती उघडताच फोननेच मला अडवले: अनोळखी ठिकाणाहून आलेले अ‍ॅप तुमच्या सुरक्षेसाठी रोखले आहे. या क्षणाकडे मी शंभरदा परत गेलो असेन. चार हजार किलोमीटरवरून नव्हे, माझ्याच तळहातावरून, समजेल अशा भाषेत मला इशारा मिळाला होता. तो मुलगा म्हणाला, “काका, नवीन फोनमध्ये तसं येतंच, सेटिंगमध्ये जाऊन बटण निळं करा.” मी चष्मा पुसला, बटण शोधले आणि ते निळे केले. मेसेज वाचण्याची परवानगीही त्या अ‍ॅपने मागितली, तीही दिली. दाराची कडी आतून मी स्वतः काढून दिली, यापलीकडे काही म्हणता येत नाही.

अ‍ॅपमध्ये त्याच गुलाबांचे चित्र होते, यूपीआय सध्या बंद असल्याची सूचना होती आणि डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत व मागचे तीन आकडे भरण्याची जागा होती. पाच रुपयांचाच तर प्रश्न आहे, असे म्हणून मी सर्व भरले. ११.४२ला २४,९९९ रुपये गेले, ११.४३ला पुन्हा २४,९९९. मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही, हे शपथेवर सांगतो. सांगण्याची गरजच नव्हती, कारण माझे मेसेज ते अ‍ॅप परस्पर त्याच्याकडे पाठवत होते. ते पाच रुपये मात्र आजतागायत कापले गेलेले नाहीत.

दोन मिनिटांत पन्नास हजार गेल्याचे पाहून मला काही क्षण काहीच सुचेना, पण ११.५१ला मी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथे आधी भाषा निवडा, मग गृहकर्जासाठी एक दाबा, मग सोने तारण योजनेची माहिती ऐका, मग आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्या संगीताच्या पार्श्वभूमीवर ११.५८ला तिसऱ्यांदा पैसे कापले गेले, १८,७४० रुपये. प्रत्यक्ष माणूस १२.०५ला बोलला आणि कार्ड बंद झाले. त्यात माझी आणखी एक चूक होती: मी ज्या फोनवरून बँकेला विनवण्या करत होतो, तोच फोन माझे ओटीपी चोराला पुरवत होता. असा प्रसंग आलाच तर तो फोन आधी विमान मोडवर टाकावा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला व १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाला कळवावे. मी १९३०ला दुपारी एक वाजता कळवले, तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर पैसे तीन खात्यांतून पुढे गेले होते.

आता बँकेविषयी. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक मी नंतर ओळ न ओळ वाचले. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच आहे. म्हणजे पहिल्या दोन रकमा मी माझ्या मूर्खपणाच्या खात्यावर टाकतो. पण तिसरी रक्कम मी तुमच्याच दारात सात मिनिटे उभा असताना गेली आहे, ती तुमची. बँकेचे लेखी उत्तर असे की तक्रार १२.०५ला ‘नोंदवली गेली’. म्हणजे तुमचे संगीत जितका वेळ वाजेल तितका वेळ मी कळवलेलेच नाही! शाखेत चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला अर्ज चुकीच्या नमुन्यात होता, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते, तिसऱ्या खेपेला ओटीपी वापरला गेला म्हणजे तुम्हीच दिला असे ऐकवले गेले आणि चौथ्या खेपेला मला विम्याची योजना दाखवण्यात आली.

पोलीस ठाण्यात वेगळा अनुभव नव्हता. हे सायबरचे काम आहे म्हणून तिकडे पाठवले, तिकडून रक्कम लहान आहे म्हणून परत इकडे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. मी ते छापून नेले होते. हवालदारांनी तो कागद बाजूला ठेवला आणि माझ्या ऑर्डरचा कागद उचलून कार्डावरचा मजकूर मोठ्याने वाचला. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. “काका, या वयात ऑनलाइन फुलं कशाला पाठवायची?” असा प्रश्न मला विचारण्यात आला. चोराला कोणी काही विचारल्याचे अजून ऐकिवात नाही.

११ तारखेच्याच संध्याकाळी मी जावयांना कसेबसे सांगितले आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या फूलवाल्याकडून दहा गुलाब आणून सौ.ना दिले, तीनशे रुपयांत, रोख. दुसऱ्या गावी फुले पाठवायची असतील, तर तिथल्या आपल्या माणसाला पैसे पाठवून त्याच्याकडूनच घ्यायला सांगावीत, किंवा तिथल्या एखाद्या खऱ्या दुकानात फोन करून फुले पोचल्यावर पैसे द्यावेत. डेबिट कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेच्या अ‍ॅपमधून बंद ठेवता येतो आणि त्याची मर्यादाही कमी करता येते. ही सोय २०२०पासून आहे आणि मला ती २०२५च्या मार्चमध्ये कळली.

सौ. एप्रिलमध्ये परतल्या. तक्रारीच्या फायलीत त्यांनी ते कार्डावरचे वाक्य वाचले. चोर, हवालदार आणि बँकेचा कारकून यांच्यानंतर. “हे फोनवर सांगितलं असतंत तर फुकटात झालं असतं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि फाइल जागेवर ठेवली.

बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मी फक्त १८,७४० रुपयांपुरतीच तक्रार दाखल केली आहे. सोबत माझ्या फोन कंपनीकडून मिळवलेली कॉलची नोंद जोडली असून त्यातली ११.५१ ही वेळ लाल शाईने अधोरेखित केली आहे.