आशाताईंच्या सहा भेटी: बाळाची नोंद चोख, आईची अर्धीच

सेवा सरकारी आहे: नवजात बाळाची घरी काळजी, म्हणजे एचबीएनसी. खर्च शून्य. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. घरीच झालं तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. सिझरची बाई उशिरा घरी येते, म्हणून तिच्या भेटी सातव्या दिवसापासून, पाच. बाळासाठी आम्ही या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देतो, आईसाठी दोन. हे दोन गुण आशाताईंच्या मेहनतीचे नाहीत, त्यांच्या हाती दिलेल्या फॉर्मचे आणि पिशवीचे आहेत.

आधी चांगलं ते. पिशवीतून झोळीचा वजनकाटा निघतो. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ झोळीत ठेवून काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. थर्मामीटर काखेत. बाळ शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि तरी तेवढेच भरले तर दवाखाना गाठायचा. ही पद्धत महाराष्ट्रातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११पासून ते देशभर लागू झालं. बाळ वाचवायचं म्हणून घडवलेली ही सेवा बाळ वाचवते, याबद्दल शंका नाही.

आता तोच फॉर्म आईच्या बाजूने वाचा. राष्ट्रीय फॉर्ममध्ये तिच्यासाठी मोजकेच प्रश्न आहेत. दिवसातून किती वेळा पोटभर जेवते? चारपेक्षा कमी असेल तर समजावून सांगायचं. दिवसाला किती घड्या बदलाव्या लागतात? पाचपेक्षा जास्त असतील तर दवाखाना. ताप किती? अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो का? असंबद्ध बोलते का, झटके येतात का? दूध येतं का, स्तनाग्रांना चिरा पडल्यात का, छाती दगडासारखी झालीय का? संपलं. टाक्यांचा प्रश्न नाही. लघवीला जळजळ होते का, खोकताना-शिंकताना कपड्यात होते का, शौचाला त्रास आहे का, हेही नाही. पोट सुटेल म्हणून अजूनही काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. त्यातून बद्धकोष्ठ होतो, कुंथल्याने टाके ताणले जातात. जेवण विचारणाऱ्या फॉर्मला पाणी विचारायला एक ओळ पुरली असती.

सगळ्यात मोठी उणीव रक्तदाबाची. बाळंतपणानंतर रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर जातो. गरोदरपणी तो नॉर्मल होता त्या बाईचाही जाऊ शकतो. नेमकी तिसऱ्या दिवशी आशाताई दारात असतात, पण त्यांच्या पिशवीत बीपीचं मशीन नाही. फॉर्म ‘झटके येतात का’ विचारतो, म्हणजे रक्तदाबाचा पत्ता लागतो तो झटका आल्यावर. त्याआधीच्या खुणा, म्हणजे न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, विचारल्याच जात नाहीत. ही चूक जीवावर बेतू शकते.

दुसरी मोठी उणीव मनाची. ‘असंबद्ध बोलते का’ या प्रश्नात तीव्र मानसिक आजार सापडतो, उदासीनता सापडत नाही. उदास बाई व्यवस्थित बोलते, फक्त कमी बोलते. गोव्यात २७० आयांचा अभ्यास झाला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के उदासीनतेने आजारी होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. पहिल्या आठवड्यात रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणून १४व्या दिवसानंतरही ते टिकलं तर लक्ष द्यायला हवं, आणि त्यासाठी २१, २८, ४२ या भेटी अगदी नेमक्या पडतात. वेळापत्रक तयार आहे, प्रश्न तेवढा नाही. दोन प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात सारखं उदास, हताश वाटत होतं का? कशातच मन लागत नव्हतं, आनंद वाटत नव्हता का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढे सविस्तर चौकशी. पण हे बाईला एकटीला विचारावं लागतं. ‘कसं वाटतंय गं?’ असं सगळ्यांसमोर विचारलं की सासूबाई किंवा आईच उत्तर देतात, ‘छान आहे, खाते-पिते.’

मानधनही बाळाकडेच झुकलेलं आहे. सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये, आणि ते मिळायला बाळाचं वजन, लसी आणि जन्मनोंदणी पूर्ण लागते. आईची अट एकच: ४२व्या दिवशी ती सुखरूप असावी. ४२नंतर पुढची ठरलेली घरभेट थेट तिसऱ्या महिन्यात, तीही बाळाच्या वाढीसाठी. त्यातच बाई सव्वा महिन्याने माहेराहून सासरी जाते. तिथली आशाताई वेगळी, आणि माहेरी काय घडलं ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

सेवा आहे तशी वापरायची तर घरच्यांनी एवढं करा. बाळंतपणाआधीच दोन्ही गावांच्या आशाताईंना सांगून ठेवा आणि माता-बाल कार्ड बाईसोबतच फिरू द्या. तिसऱ्या ते सातव्या दिवसात एकदा उपकेंद्रात बीपी मोजून घ्या. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला तर त्याच तासाला मोठा दवाखाना. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, कॅल्शियमच्या रोज दोन, आणि दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर. लोहाची गोळी चहासोबत नको. आशाताई आल्या की निदान दहा मिनिटं बाईला त्यांच्यासोबत एकटं सोडा. मन सावरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटते असं ती म्हणाली तर फोनवर थांबू नका. तिला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि बाळालाही सोबत न्या.