लिनक्स मिंट २२.२ : दहा वर्षांच्या लॅपटॉपवर मराठी अक्षरजुळणी करताना

नागपूरच्या महाल भागात मी घरूनच मराठी टंकलेखनाची आणि अक्षरजुळणीची कामे करतो. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि लग्नसराईत पत्रिका असे कामाचे स्वरूप आहे आणि हे सारे २०१६ साली घेतलेल्या, सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर व चार जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबली, आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागत असल्यामुळे माझे यंत्र अधिकृतरीत्या त्या रांगेत बसत नव्हते. सीताबर्डीवर नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो, तर त्याने झाकण उघडण्याआधीच निकाल दिला, "काकाजी, याले आता ठेवून का करता? नवा घेऊन टाका." नवा घेण्याइतके पैसे त्या महिन्यात नव्हते, म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून नोव्हेंबरात लिनक्स मिंट बसवले. त्यावर सहा महिने रोजचे काम केल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी संगणकप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रणालीच्या पायावर उभी असलेली ही मुक्तस्रोत प्रणाली २००६ पासून चालत आलेली आहे. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि सुरू करताना कोणतेही ऑनलाइन खाते मागितले जात नाही. २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळणार आहेत, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर चढवली की, डिस्कला हातही न लावता पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते. ही सोय प्रत्येकाने वापरावी, कारण वाय-फाय, आवाज आणि पडद्याचा उजेड चालतो की नाही, हे दहा मिनिटांत कळते. माझे तिन्ही चालले. प्रत्यक्ष बसवायला अर्ध्या तासाहून कमी वेळ लागला. त्याआधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेण्यात मात्र माझा पूर्ण रविवार गेला.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सिनेमन हा मिंटचा मुख्य डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचे मेनू-खिडक्यांचे रूप, चार जीबीमध्ये चालतो, पण ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की धाप लागते, म्हणून आठवडाभराने मी एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. पूर्वी लॅपटॉप सुरू करून मी चहा ठेवायला जात असे, आता तेवढी उसंत मिळत नाही.

मराठी टंकलेखन हा माझ्यासाठी खरा प्रश्न होता. मी टाइपरायटरवर शिकलेला माणूस असल्याने बोटांना रेमिंग्टन मांडणीची सवय आहे, आणि आजवर वापरलेल्या विंडोजवरील मराठी सॉफ्टवेअरने ती मांडणी जशीच्या तशी दिली होती. मिंटमध्ये आयबस या भारतीय भाषा टंकण्याच्या साधनाच्या साहाय्याने हिंदीच्या नावाखाली रेमिंग्टन मिळाली खरी, परंतु काही कळा माझ्या मराठी टाइपरायटरशी जुळेनात आणि दर ओळीत दोन-तीनदा बोट अडखळू लागले. अखेर पन्नाशी उलटल्यावर मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी शिकलो. ती मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये आधीपासूनच असते, वेगळे काही उतरवावे लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि पाय मोडण्यासाठी डी ही कळ, ही तिची रचना एकदा लक्षात आली की तर्काने पुढे जाता येते. 'वाऱ्यावर' किंवा 'दुसऱ्या' लिहिताना शिफ्टसह जे (J) ही कळ दाबून नुक्त्याचा 'ऱ' घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा, म्हणजे आपला आडवा रकार आपोआप उमटतो. पूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मी एका आकड्याचा कोड पाठ केला होता. जुना वेग परत यायला मला सात आठवडे लागले आणि त्या काळात दोन प्रबंधांची कामे मी नाकारली, हा खर्च प्रामाणिकपणे हिशेबात धरला पाहिजे.

लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी एका गोष्टीने गोंधळात टाकले. अहवालातील 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटत होते, आणि पतसंस्थेच्या सचिवांच्या नजरेतून ते सुटले नसतेच. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात व मजकुराची भाषा कोणती ठरवली आहे, यावर त्यांतील एक निवडले जाते, हे मला ठाऊक नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिपीची भाषा हिंदीऐवजी मराठी केली आणि राज्य शासनाच्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात ज्यांना पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' म्हटले आहे, ती अक्षरे त्याच फॉन्टमध्ये डोळ्यांदेखत बदलली. इतकी वर्षे या व्यवसायात राहून मी हे प्रथमच पाहिले. पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस वापरतो. त्याच्या १.४ आवृत्तीत जोडाक्षरे तुटत असत, ती १.६ मध्ये व्यवस्थित येतात. पत्रिकांचे काम मात्र निम्मेच इकडे आले आहे, कारण कोरलड्रॉ हे चित्रमांडणीचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी मिळत नाही आणि त्याला पर्याय असलेले इंकस्केप कोरलड्रॉच्या जुन्या सीडीआर फायली उघडते तेव्हा वेलबुट्टी शाबूत राहते पण मजकुराची जागा हलते.

सर्वांत जास्त त्रास माझ्याच जुन्या कामाने दिला. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची अक्षरांची समान संकेतप्रणाली, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या शेकडो फायली माझ्याकडे आहेत. त्या मिंटवर उघडल्या तेव्हा कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसली. विंडोजमधील फॉन्टची फाइल इकडे आणून बसवली की मजकूर वाचता येतो व छापताही येतो, परंतु त्यात दुरुस्ती करता येत नाही, कारण त्या फॉन्टमध्ये लिहिणारे मूळ सॉफ्टवेअर इथे चालत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायचे ठरवले. पहिल्या प्रयत्नात 'वर्धा'चे 'वधार्' झाले आणि 'विदर्भ'चे 'िवदभर्'. जुने फॉन्ट अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात, तर युनिकोड उच्चाराच्या क्रमाने, त्यामुळे पहिली वेलांटी आणि रफार यांच्या जागा चुकतात. भाच्याने शोध-बदल चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक अक्षररचना शोधणारे सूत्र) लिहून दिल्यावर बहुतेक रफार जागेवर गेले, तरी प्रत्येक पान नजरेखालून घालावेच लागते. हा दोष मिंटच्या माथी मारणे योग्य होणार नाही. त्याच फायली नव्या विंडोजवर त्या सॉफ्टवेअरशिवाय उघडल्या असत्या, तरी हेच झाले असते.

छपाईच्या बाबतीत मात्र माझी तक्रार खरी आहे. माझ्याकडील लेझर प्रिंटर अत्यंत जुना असून त्याच्या उत्पादकाने लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर तितकाच जुना आहे. अलीकडचे बरेच प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय लिनक्सला ओळख देतात, हे एका मित्राच्या घरी मी पाहिले. माझा देत नाही. एका संध्याकाळी इंटरनेटवर सापडलेल्या आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत) एकामागून एक, अर्थ न समजता डकवत गेलो आणि पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉपऐवजी काळा पडदा आला. त्या वेळी टाइमशिफ्टने वाचवले. प्रणालीच्या फायलींची जुनी स्थिती जपून ठेवणारे हे साधन मिंटसोबतच येते, पण ते आपण स्वतः चालू करावे लागते. मी ते पहिल्याच दिवशी केले होते. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून आदल्या दिवशीची स्थिती परत आणली आणि वीस मिनिटांत सर्व पूर्ववत झाले. टाइमशिफ्ट आपल्या स्वतःच्या दस्तऐवजांची प्रत मूळ सेटिंगनुसार घेत नाही, त्यामुळे ती वेगळी ठेवावी.

मेनूंचे मराठी भाषांतर अर्धवट आहे. एकाच खिडकीत वर मराठी आणि खाली इंग्रजी वाचण्यापेक्षा मी मेनू इंग्रजीतच ठेवले आहेत.

निविदा भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी किंवा ज्यांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते अशांनी सध्याची डिस्क पुसू नये, दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात. माझ्यासारख्या लिहिण्या-जुळवण्याच्या कामाला मिंट पुरेसे आहे, आणि पाचपैकी चार गुण मी त्याला विनासंकोच देतो. कापून घेतलेला एक गुण प्रिंटरचा आहे. तो अजूनही चालत नाही. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि मे महिन्यात ती फेरी सकाळी दहाच्या आत उरकावी लागते.