विसरू लागलेल्या माणसासाठी: सुया, गोळ्या की आणखी काही?

घरातलं माणूस तोच प्रश्न दिवसातून चार वेळा विचारू लागलं की आपण मिळेल तो उपाय शोधत सुटतो. त्यात ॲक्युपंक्चरचं नाव हमखास येतं आणि "सुया की गोळ्या?" यावर घरात खल सुरू होतो. मला विचाराल तर दोन्हींच्या आधी तपासण्यांचा नंबर लागतो. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, पडल्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त, ॲलर्जीच्या किंवा वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, या सगळ्यांनी विस्मरण होतं. यातलं बरंचसं सुधारता येतं. हे न बघता सुयांवर तीन महिने घालवले, तर ते परत मिळत नाहीत.

तपासणीत अल्झायमर निघाला, तर तुलना खरी सुरू होते. त्यावरच्या डोनेपेझिल या गोळीला अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली. मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं विघटन ती कमी करते. फायदा माफक आहे: स्मरण आणि आकलनाच्या 70 गुणांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर, बनावट गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी अडीच-तीन गुणांचा फरक. आजार थांबत नाही. मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते. पण हा छोटा फरक हजारो रुग्णांवर तपासलेला आहे, म्हणून काय अपेक्षा ठेवायची ते तरी कळतं. लेकॅनेमॅबसारखी नवी इंजेक्शनं अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांपुरती आहेत. त्यांत मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

आता ॲक्युपंक्चर. स्मरणासाठी सुया बहुधा डोक्याच्या माथ्यावरच्या 'बायहुई' बिंदूवर, त्याभोवतीच्या चार 'सिशेनचोंग' बिंदूंवर, मनगटावरच्या 'शेनमेन'वर आणि गुडघ्याखालच्या 'झुसानली'वर टोचतात. आठवड्यातून दोन-तीनदा, असं दोन-तीन महिने चालतं. काही ठिकाणी सुयांना सौम्य विद्युतप्रवाह जोडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतला दाह कमी झाल्याचं, चेतापेशींना पोषक प्रथिनं वाढल्याचं दिसलं आहे. मुख्यतः चीनमध्ये झालेल्या बऱ्याच चाचण्यांत रुग्णांचे गुणही वाढले आहेत.

मग अडतं कुठे? यातल्या अनेक चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या आहेत आणि पुष्कळांत लुटुपुटीची सुई वापरलेलीच नाही. अशा सुईचं टोक बोथट असतं आणि दाबली की ती स्वतःच्याच मुठीत सरकते. टोचल्यासारखं वाटतं, पण ती आत जात नाही. ही तुलना का हवी? आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करणं, यानेसुद्धा माणूस खुलतं. स्मरणाची एखादी चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेही गुण वाढतात. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशावर उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 2007 मध्ये ॲक्युपंक्चरचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नव्हती. त्यानंतर चाचण्या वाढल्या, पण त्यांच्या दर्जाबद्दलची तक्रार अजून मिटलेली नाही.

स्मृतिभ्रंश नाही, पण विस्मरण वयाच्या मानाने जास्त आहे, अशा मधल्या अवस्थेत माझा कौल सरळ व्यायामाला आहे. या टप्प्यावर गोळ्यांचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 च्या मार्गदर्शनात आठवड्यातून दोनदा व्यायाम सुचवला. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1260 जणांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष अशी जोड ज्यांना मिळाली, त्यांची बौद्धिक क्षमता नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारली. आणि कान तपासून घ्या, हे मी कळकळीने सांगेन. जे नीट ऐकूच आलं नाही, ते लक्षात कसं राहणार?

तरीही ॲक्युपंक्चरला माझा विरोध नाही. रुग्णाची स्वतःची इच्छा असेल, सोबत गुडघेदुखी असेल, तर जरूर करा. जुनाट दुखण्यावर त्याचा पुरावा स्मरणशक्तीपेक्षा पुष्कळ बरा आहे. चालू गोळ्या मात्र बंद करू नका. एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांचा आग्रह धरा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा, आणि पेसमेकर असेल तर विद्युतप्रवाह नको. छातीवर, पाठीवर सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसाला इजा होते, म्हणून प्रशिक्षित हातच हवा.

आजार पुढे गेला असेल तर मात्र मी थांबेन. त्या माणसाला सुई कशासाठी हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि ते पुन्हा तितकंच घाबरतं.